धाकटीच्या बाळंतपणाविषयी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

धाकटी बाळंतपणाला माहेरी येणार म्हटल्यावर आईची डिंक-अळिवाची तयारी सुरू झाली असणार. त्यात मी काही सांगावे असे नाही, पण उपकेंद्रात आरोग्यसेविका म्हणून रोज जे पाहते, त्यावरून गावच्या सिस्टर आणि आशाताई यांच्याविषयी लिहूनच कळवावे असे वाटले, कारण फोनवर विषय काढला की आई "आम्ही नाही का केली बाळंतपणं?" म्हणून तो मिटवते.

ती आली की बाबांनी तिला लगेच उपकेंद्रात नेऊन माता-बाल संरक्षण कार्ड दाखवावे आणि आपल्या गावच्या यादीत नोंद करून घ्यावी. नाव सासरी नोंदलेले असते, माहेरच्या सिस्टरला पोरगी आल्याचा पत्ता नसतो, आणि नेमकी शेवटच्या दोन महिन्यांतली तपासणी हुकते. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक निघाला, चेहऱ्यावर सूज आली, डोके सारखे दुखू लागले किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर दिवस भरत आल्याचे निमित्त सांगत घरी थांबू नये. १०२ ची गाडी सरकारी दवाखान्यात मोफत नेते आणि बाळबाळंतिणीला घरीही आणून सोडते. कधी उपकेंद्राला कुलूप दिसले, तर सिस्टर घरी बसल्या आहेत असे मात्र समजू नये. सपाट भागात एका उपकेंद्रामागे साधारण ५,००० लोकसंख्या धरलेली असते, आणि त्या बहुधा दुसऱ्या वाडीवर लसीकरणाला गेलेल्या असतात.

दवाखान्यात प्रसूती झाली की आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. आल्यावर त्या प्रथम साबणाने हात धुतील, बाळाला झोळीत घालून काट्यावर वजन करतील, काखेत थर्मामीटर लावतील आणि घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट बाळाचे श्वास मोजतील. आई, त्या मिनिटात त्यांना चहाचे विचारू नकोस, मोजणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. शांत निजलेल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त भरले, तर बाळाला दवाखान्यात न्यावेच लागते. ही पद्धत कुणा बाहेरच्याने लादलेली नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना हे काम शिकवले, आणि तिथल्या ३९ गावांत नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. पुढे सरकारने देशभर आशांकडे हे काम सोपवले.

आता आईला न रुचणारे. मध, गुटी आणि पाणी सहा महिने नको, नुसते अंगावरचे दूध पुरते. नाळेला तेल-हळद नको, डोळ्यांत काजळ नको. बंद खोलीत शेगडी ठेवून धूर करू नये. बाळाला ऊब हवी असेल तर धाकटीच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घालावे. बाळंतिणीला अंग चोळून घ्यायचे असेल तर खुशाल घ्यावे, त्याला माझी ना नाही.

बाबांनी त्याच फेरीत स्वतःचा रक्तदाब आणि साखरही तपासून घ्यावी, ती सोय उपकेंद्रातच आहे. आकडे मला कळवावेत, "ठीक आहे" एवढेच नको.

तुमची,
मोठी