आरोग्यमंत्री महोदय, आमच्या हवेतली बुरशी एकदा मोजा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

मी निफाड तालुक्यातली. घरचा कांदा आहे आणि मला दमा आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे कळायला मला तिशी ओलांडावी लागली.

उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलला निघतो आणि चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर मांडवात, जातो. वळीव होऊन हवा दमटली की काही कांद्यांच्या सालीखाली काळी भुकटी धरते. बोट लावलं तर काजळासारखं माखतं. ही काळी बुरशी, ॲस्परजिलस नायजर. भाव बघून चाळ फोडली की आम्ही बायका निवडायला बसतो आणि तासाभरात पदर, नाक, थुंकी, सगळं काळं. डोळ्यांना धार लागते. कुणालाही विचारा, ‘कांदाच तो, झोंबणारच’ म्हणतील. अहो, झोंबतो तो चिरलेला कांदा! अख्खा, सुका कांदा कुणाला रडवत नाही. रडवते ती त्याच्यावरची धूळ आणि बुरशी.

दवाखान्यात पंप मिळाला, तो लागूही पडतो, तक्रार नाही. सोबत सल्ला मिळाला, ‘धुळीपासून लांब राहा.’ खळ्यावर रोजाने बसणाऱ्या बाईने लांब म्हणजे कुठे जायचं?

गेल्या मे महिन्यात एका रात्री दोनदा पंप ओढावा लागला. मोबाइलवर बघते तर नाशिकची हवा ‘समाधानकारक’. आकडा खोटा नव्हता, माझी धापही खोटी नव्हती. हवेच्या त्या निर्देशांकात आठ घटक आहेत: धुळीचे दोन प्रकार, ओझोन, शिसं वगैरे. परागकण त्यात नाहीत. त्यातली मोठी धूळ म्हणजे 10 मायक्रॉनपर्यंतची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). गवताचा परागकण सहसा 20 मायक्रॉनच्या वरचा, म्हणजे तो यंत्राच्या दारातच अडतो. काळ्या बुरशीचा कण जेमतेम 4-5 मायक्रॉनचा. तो यंत्रात शिरतो, पण निव्वळ धूळ म्हणून. खडी क्रशरची भुकटी आणि बुरशी एकाच तराजूत! आमच्या छातीला मात्र दोन्हींतला फरक बरोबर कळतो.

उन्हाळ्यात दोष लागतो सावरीच्या उडत्या कापसाला, नाहीतर गुलमोहराला. बिचारे दिसतात म्हणून सापडतात. गुलमोहराचे पराग जड आणि चिकट, ते पाखरांच्या आणि किड्यांच्या अंगाला लागून जातात. वाऱ्यावर स्वार होतात ते वावळ, सुरू आणि गवतं यांचे पराग, ज्यांच्या फुलाकडे कुणी ढुंकून बघत नाही. बुरशीचंही वेळापत्रक असतं. अल्टरनेरिया नावाची बुरशी कोरड्या, वाऱ्याच्या दुपारी उडते, गव्हाच्या मळणीत तर विशेष. काही बुरश्या मात्र पाऊस पडून गेल्यावरच आपले कण हवेत फेकतात. वेळापत्रक आहे म्हणजे अंदाजही बांधता येतो.

तो न बांधल्याने काय होतं, हे ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नने 21 नोव्हेंबर 2016 च्या संध्याकाळी पाहिलं. गवताच्या परागांचा हंगाम होता, वादळ आलं, दमट हवेत कण फुटून बारीक झाले आणि थेट फुप्फुसात उतरले. हजारो माणसं दवाखान्यांत धावली, 10 दगावली. दवाखान्यांत धावलेल्यांपैकी बऱ्याच जणांना आपल्याला दमा होऊ शकतो हेही ठाऊक नव्हतं. पुढच्याच वर्षी तिथल्या राज्य सरकारने अशा वादळांचा इशारा द्यायला सुरुवात केली. मेलबर्नसारखं इथे होईलच असं मी म्हणत नाही. पण वळीव आमच्याकडेही गडगडाटानेच येतो.

हवेतले पराग आणि बुरशी मोजायच्या यंत्रासाठी परदेशाकडे बघायचीही गरज नाही. 1970 च्या सुमारास औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात डॉ. एस. टी. टिळक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असं यंत्र तयार केलं. ‘टिळक एअर सॅम्पलर’ याच नावाने ते ओळखलं जातं. हवा ओढायची, चिकट पट्टीवर कण धरायचे, सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे. आपल्याच राज्यातलं हे काम आपण प्रबंधांत ठेवून दिलं.

मागणी थोडकी आहे. नाशिक जिल्ह्यात अशी दोन यंत्रं बसवा. एक शहरात गच्चीवर आणि एक कांद्याच्या खळ्यावर, कारण गच्चीवरचा आकडा चाळीतल्या बाईच्या कामाचा नाही. मोजायला वनस्पतिशास्त्र शिकलेली मुलं इथेच मिळतील. काही तर खळ्यावर गोण्यांचा हिशेब लिहीत बसलीत. आकडा रोज संध्याकाळी आशाताईंच्या फोनवर येऊ द्या, निदान मे आणि जून हे दोन महिने.

आमची चाळ अजून फोडलेली नाही. भाव आला की फोडू. सकाळी बसायचं की दुपारी, का तो दिवसच सोडायचा, एवढं तरी तेव्हा मला आकडा बघून ठरवता यावं.

आपली,
निफाड तालुक्यातली एक दमेकरी