रविवारी रिकामी पाकिटं घेऊन या

सभासदहो, येत्या रविवारी सकाळी १०.३० वाजता सोसायटीच्या हॉलमध्ये आपण खाद्यपदार्थांची लेबलं वाचायला बसणार आहोत. प्रत्येक घरातून एकाने तरी यावं.

सोबत आणा: बिस्किट, फरसाण किंवा सॉसची दोन रिकामी पाकिटं (बारकोडची बाजू फाडू नका, मजकूर तिथेच असतो), चष्मा.

येण्याआधी घरी एवढं पाहून ठेवा:

• घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पुढे ‘मल्टिग्रेन’ आणि मागे पहिलं नाव मैदा, तर तो मैदाच. साखर मात्र इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज अशा नावांनी विभागली की यादीत खाली सरकते. फसगत बहुधा इथेच होते.

• पोषणमूल्यांचे आकडे १०० ग्रॅमचे की एका सर्व्हिंगचे (एका वेळी खायच्या भागाचे)? तुलना नेहमी १०० ग्रॅमवर करा.

• सोडियमला अडीचने गुणा: ८०० मिलिग्रॅम म्हणजे २ ग्रॅम मीठ. दिवसाची मर्यादा ५ ग्रॅम.

• ‘बेस्ट बिफोर’नंतर चव-कुरकुरीतपणा उतरतो, ‘एक्स्पायरी’ उलटलेलं मात्र खायचं नाही.

• एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक परवान्याचा असतो, पौष्टिकतेचं प्रशस्तिपत्र नव्हे.

येणाऱ्यांनी शनिवार संध्याकाळपर्यंत ग्रुपवर घर क्रमांक कळवावा.