हार्वीचा हिशेब

चि. सोनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, कार्डियाक आउटपुटचं, म्हणजे हृदय मिनिटाला किती रक्त बाहेर टाकतं त्याचं, सूत्र पाठ झालंय पण डोक्यात काही उतरत नाही. मला वाटतं, ते सूत्र सतराव्या शतकातल्या विल्यम हार्वी या इंग्रज डॉक्टरकडून शिकावं.

त्याच्या काळी गॅलेन या प्राचीन वैद्याचा शब्द प्रमाण. अन्नाचं यकृतात रक्त बनतं आणि अंगभर जाऊन तिथंच खर्ची पडतं, असं चौदाशे वर्षं शिकवलं जात होतं. हार्वीनं हिशेब मांडला. एका ठोक्याला हृदयातून किती रक्त निघतं ते मुद्दाम कमी धरलं, अर्ध्या तासाचे ठोकेही हजारच धरले. तरी बेरीज सबंध शरीरातल्या रक्तापेक्षा जास्त! एवढं रक्त कुठल्या जेवणातून तयार होणार? म्हणजे तेच रक्त फिरून परत येत असणार. तुझं सूत्र हेच सांगतं. ठोक्याला ७० मिली, मिनिटाला ७० ठोके, म्हणजे जवळपास ५ लिटर. अंगात रक्तही साधारण तेवढंच असतं.

दुसरा पुरावा तर मी वॉर्डात रोज हाताळते. टूर्निकेट, म्हणजे दंडाला बांधायचा पट्टा, फार आवळलं तर मनगटाची नाडी जाते, हात गार पडतो, शीर काही फुगत नाही. जरा सैल केलं की शिरा टरारून वर येतात, कारण हृदयाकडून येणारं रक्त खोलच्या रोहिणीतून हातात उतरतं आणि नीलेतून, म्हणजे शिरेतून, हृदयाकडे परत जाताना अडतं. फुगलेल्या शिरेवर गाठी दिसतात ना, त्या झडपा. एका बोटानं शीर दाबून धर आणि दुसऱ्यानं रक्त वरच्या गाठीपलीकडे सरकव. वरचं बोट उचललंस तरी मधला भाग रिकामाच राहतो. खालचं उचललंस की लगेच भरतो. इटलीत पदुआला हार्वीला शिकवणाऱ्या फॅब्रिशियसनं याच झडपा दाखवल्या होत्या, पण त्या रक्ताचा वेग कमी करतात एवढंच त्याला वाटलं. हार्वीनं त्यातून दिशा ओळखली, याचं मला फार अप्रूप आहे.

रोहिणीतून नीलेत रक्त जातं कसं, हे मात्र त्याला दिसलं नाही. तरी वाट असणारच, असं १६२८च्या ग्रंथात त्यानं ठामपणे मांडलं. १६५७ला तो गेला. १६६१मध्ये माल्पिगी या इटालियन शास्त्रज्ञाला बेडकाच्या फुफ्फुसात, सूक्ष्मदर्शकाखाली ती वाट सापडली: रोहिणी आणि नीला जोडणाऱ्या केसासारख्या बारीक केशवाहिन्या.

सुट्टीत आलीस की झडपांचा प्रयोग माझ्याच हातावर कर. माझ्या शिरा चांगल्या ठळक आहेत.

तुझी,
आई