मोगादिशूची ती रात्र आणि तिच्या आधीचा सोमवार

पुणे

प्रिय माधव,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. एवढे बलाढ्य सैन्य, एवढी हेलिकॉप्टर आणि निवडून घेतलेले कमांडो हाताशी असताना सोमालियातल्या मोगादिशूसारख्या दुष्काळाने खंगलेल्या शहरात ऑक्टोबर 1993 मध्ये अमेरिकेची अशी दैना का व्हावी, हे ‘ब्लॅक हॉक डाऊन’ हा चित्रपट संपला तरी उलगडले नाही, असे तू लिहिले आहेस. मला वाटते, त्याचे उत्तर चित्रपटात नाहीच. ते मार्क बोडेन यांच्या पुस्तकात बऱ्याच अंशी आहे आणि पडद्यावर आणताना नेमका तोच भाग गाळला गेला. या विषयावरचे आपले बोलणे फोनवर नेहमी अर्धवट राहते, म्हणून आज सविस्तर लिहीत आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. जानेवारी 1991 मध्ये सोमालियात सियाद बारे यांची राजवट कोसळली. ज्यांनी मिळून ती पाडली, तेच मोहम्मद फराह ऐदीद आणि अली महदी राजधानीसाठी एकमेकांशी लढू लागले. त्यात दुष्काळ पडला आणि अंदाजे तीन लाख माणसे मेली. डिसेंबर 1992 मध्ये थोरल्या बुश यांनी सैन्य पाठवले ते धान्याच्या गाड्या लुटल्या जाऊ नयेत म्हणून, आणि ते काम बऱ्यापैकी झाले. मे 1993 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी सूत्रे घेतली तेव्हा मात्र उद्दिष्ट एकदम वाढले. भुकेल्यांना अन्न पोचवायचे होते, त्याच्या जोडीला सशस्त्र टोळ्यांकडून हत्यारे काढून घ्यायची आणि राज्ययंत्रणा नव्याने उभी करायची, असे ठरले. काम वाढले आणि अमेरिकेचे सैन्य मात्र कमी झाले, ही विसंगती तेव्हाच कोणी तरी बोलून दाखवायला हवी होती.

5 जून रोजी ऐदीद यांच्या शस्त्रसाठ्याची आणि रेडिओ केंद्राची तपासणी करून परतणाऱ्या पाकिस्तानी सैनिकांवर हल्ला झाला आणि 24 पाकिस्तानी सैनिक मारले गेले. दुसऱ्याच दिवशी सुरक्षा परिषदेने दोषींना पकडण्याचा ठराव केला. संयुक्त राष्ट्रांचे तिथले प्रमुख, निवृत्त ॲडमिरल जोनाथन हाऊ यांनी ऐदीद यांच्यावर 25,000 डॉलरचे इनाम लावले. तिथून पुढे मोहिमेचा सगळा रोख एका माणसाच्या शोधावर गेला. धान्य वाटायला आलेले लोक शहराच्या दृष्टीने एका पक्षाचे शत्रू झाले. मला विचारशील तर ही लढाई ऑक्टोबरात नव्हे, तेव्हाच हरली गेली.

आता 12 जुलैचा सोमवार. चित्रपट पाहणाऱ्याला ही तारीख माहीत असण्याचे कारण नाही, कारण ती चित्रपटात कुठेही येत नाही. त्या दिवशी सकाळी ऐदीद यांच्या एका मंत्र्याच्या घरी, वरच्या मजल्यावर, ऐदीद यांच्याच हब्र गिदिर कुळातील वडीलधारी माणसे जमली होती. अमेरिकेच्या कोब्रा हेलिकॉप्टरनी त्या घरावर रणगाडाभेदी क्षेपणास्त्रे डागली आणि तोफांचा मारा केला. कोणतीही पूर्वसूचना दिली नव्हती. आतल्या माणसांना बाहेर पडता येऊ नये म्हणून जिन्यावर मारा केला गेला, असे सांगितले जाते. संयुक्त राष्ट्रांनी मृतांचा आकडा 20 दिला, रेडक्रॉसने 54. ऐदीद त्या घरात नव्हतेच. बैठकीत तडजोडीचा विचार चालू होता आणि ऐदीद यांचे अतिरेकी धोरण न पटणारी माणसेही तिथे होती, असे सोमाली लोक सांगतात. ते खरे असेल, तर समेट घडवू शकणारे लोकच त्या दिवशी मारले गेले. संतापलेल्या जमावाने घटनास्थळी पोचलेल्या चार परदेशी पत्रकारांना ठार केले, त्यांत अवघ्या 22 वर्षांचा छायाचित्रकार डॅन एल्डन होता. त्यानंतर हब्र गिदिर कुळात ऐदीद यांना विरोध करणारा आवाज उरला नाही.

हे माहीत असले, की ऑक्टोबरातला तो जमाव वेगळा दिसू लागतो. पडद्यावर माणसे गल्लीबोळांतून लोंढ्याने येतात आणि का येतात ते कळत नाही. पुस्तकात ते कळते. ही हेलिकॉप्टर आठवडेच्या आठवडे शहरावरून इतकी खालून उडत, की त्यांच्या वाऱ्याने छपरांचे पत्रे निघून जात, बाजारातले पाल उलटत आणि बायकांच्या अंगावरचे कपडे उडत. ज्यांच्या घरात 12 जुलैचा दुखवटा होता, त्यांच्या डोक्यावर तोच घरघराट रात्रंदिवस चालू होता. त्यांना रस्त्यावर उतरवायला ऐदीद यांच्या हुकमाची फारशी गरज नव्हती.

ऑगस्टअखेरीस मेजर जनरल विल्यम गॅरिसन यांच्या हाताखाली रेंजर आणि डेल्टा या अमेरिकी कमांडो दलांची खास तुकडी ऐदीद यांना पकडायला आली. पहिल्याच छाप्यात त्यांनी संयुक्त राष्ट्रांचेच कर्मचारी पकडले. पुढचे छापेही ठरावीक साच्याचे होते: हेलिकॉप्टरमधून दोरांवरून उतरायचे, माणसे पकडायची, जमिनीवरून आलेल्या गाड्यांत घालून निघायचे. समोरचे लोक हे पाहत होते आणि शिकत होते. खांद्यावरून डागायच्या रॉकेटने उडते हेलिकॉप्टर पाडता येते, हे त्यांनी प्रयोग करून ठरवले. मागे उसळणाऱ्या ज्वाळेने डागणारा स्वतःच भाजू नये म्हणून त्यांनी जमिनीत खड्डे घेतले. त्यांना अडाणी टोळकी समजणे हीच या मोहिमेची मोठी चूक होती आणि चित्रपट तीच समजूत प्रेक्षकाच्या मनात पक्की करतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

3 ऑक्टोबरचा रविवार तू पडद्यावर पाहिलाच आहेस, म्हणून क्रमवार सांगत नाही. ऑलिम्पिक हॉटेलजवळच्या घरातून ऐदीद यांचे दोन सहकारी पकडायचे होते. सुमारे 160 माणसे, 19 विमाने-हेलिकॉप्टर आणि 12 गाड्या कामाला लावल्या होत्या आणि तासाभरात परत येऊ असा हिशेब होता. त्या हिशेबापायी अनेकांनी पाण्याच्या बाटल्या आणि रात्री पाहायच्या दुर्बिणी छावणीतच ठेवल्या. ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप होता ती माणसे खरोखरच पकडली गेली, हे विसरू नकोस. कागदोपत्री छापा यशस्वी झाला होता. पण त्याच वेळी दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर पाडली गेली आणि सैनिक रात्रभर शहरात अडकले.

गाड्यांच्या ताफ्याची हकिगत मात्र सविस्तर सांगतो, कारण तुझ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिच्यात आहे. पहिले हेलिकॉप्टर पडल्यावर ताफ्याला तिकडे जायचा हुकूम झाला. वरून नौदलाचे टेहळणी विमान सगळे रस्ते स्वच्छ पाहत होते; पण त्याला ताफ्याशी थेट बोलता येत नव्हते. विमानातून निरोप तळावरच्या कक्षात जायचा, तिथून आकाशातल्या आदेश-हेलिकॉप्टरकडे आणि तिथून खाली गाडीतल्या अधिकाऱ्याकडे. ‘आता डावीकडे वळा’ हा शब्द पोचेपर्यंत ते वळण मागे पडलेले असायचे. मग पुढच्या वळणाने वळायचे, चुकीच्या गल्लीत शिरायचे आणि पुन्हा त्याच गोळीबारातून फिरायचे. अपघातस्थळापासून काही गल्ल्यांच्या अंतरावर असूनही ताफा तिथे पोचू शकला नाही. गाड्या जखमींनी भरल्या आणि अखेर तळाकडे परतल्या. जगातली सर्वांत महागडी नजर वर होती आणि खालचा वाहनचालक आंधळा होता. हा भाग पुस्तकात वाचताना अंगावर काटा येतो. चित्रपटातही तो आहे, पण गोळ्यांच्या वर्षावात ताफा चुकला कसा हे नीट लक्षात राहत नाही.

गॅरी गॉर्डन आणि रँडी शुगार्ट यांच्याबद्दल तू लिहिलेस, त्याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. दुसऱ्या पडलेल्या हेलिकॉप्टरजवळ उतरू द्या, अशी परवानगी त्यांनी पुन्हा पुन्हा मागितली. जमाव येतो आहे आणि मदत लवकर येणार नाही हे कळत असूनही ते उतरले आणि मारले गेले. त्यांच्यामुळेच वैमानिक मायकेल ड्युरंट जिवंत राहिला आणि 11 दिवसांच्या कैदेनंतर सुटला. दिग्दर्शक रिडली स्कॉट यांनी हा प्रसंग ज्या गांभीर्याने दाखवला आहे, त्याला मान दिलाच पाहिजे. मोहीम चुकीची होती म्हणून त्यात मेलेल्या माणसाचे धैर्य खोटे ठरत नाही. तक्रार आहे ती एवढीच, की त्या धैर्याच्या प्रकाशात बाकीचे सगळे अंधारात गेले.

अंधारात गेलेल्यांत सोडवायला आलेले लोकही आहेत. रात्री अडकलेल्या सैनिकांपर्यंत पोचला तो ताफा पाकिस्तानी रणगाड्यांचा आणि मलेशियाच्या चिलखती गाड्यांचा होता. अमेरिकी पायदळ त्या गाड्यांत बसून गेले. एक मलेशियन सैनिक त्या रात्री मेला. चित्रपटात त्यांना जेमतेम काही क्षण मिळतात. मुशर्रफ यांनी आपल्या आत्मचरित्रात याबद्दल जाहीर नाराजी नोंदवली आहे, आणि मलेशियात तर 2023 मध्ये त्यांच्या बाजूने एक वेगळा चित्रपट निघाला. स्वतःच्या माणसांचा उल्लेख व्हावा म्हणून तीस वर्षांनी एका देशाला स्वतःचा चित्रपट काढावा लागला, यावरून वगळले जाण्याची बोच किती टिकते ते समजते.

आपल्याकडे तर याची आठवणही फारशी निघत नाही. 1993 मध्येच भारताची एक ब्रिगेड याच मोहिमेत सोमालियात दाखल झाली आणि बैदोआ भागात काम करू लागली. ऑगस्ट 1994 मध्ये एका दबा धरून केलेल्या हल्ल्यात आपले सात जवान मारले गेले आणि त्यानंतर काही दिवसांतच बैदोआत आपले तीन लष्करी डॉक्टर मारले गेले. त्यांच्यावर कोणी चित्रपट काढला नाही. आपल्या घराघरांत सोमालिया पोचला तो अमेरिकेच्या चित्रपटातून, आणि त्यात आपण नव्हतोच.

आता पुस्तकाविषयी. बोडेन हे फिलाडेल्फियाच्या एका वृत्तपत्राचे बातमीदार. त्यांनी लढाईतल्या सैनिकांना गाठले, संदेशांच्या ध्वनिफिती मिळवल्या, आणि 1997 मध्ये ते स्वतः मोगादिशूला जाऊन त्या लोकांशीही बोलले ज्यांनी गोळ्या झाडल्या होत्या किंवा ज्यांची मुले गोळ्यांना बळी पडली होती. आधी त्याच वृत्तपत्रात लेखमाला आणि मग 1999 मध्ये पुस्तक, असा तो प्रवास आहे. पुस्तकाचा जास्त भाग अमेरिकी सैनिकांचा आहे, हे खरे. तरी 12 जुलैची बैठक त्यात आहे आणि एकाच रस्त्याच्या दोन्ही टोकांना उभी असलेली माणसे त्यात आहेत. चित्रपटाने एक टोक ठेवले. तो मोरोक्कोत चित्रित झाला, अमेरिकी लष्कराने हेलिकॉप्टर आणि माणसे पुरवली, आणि प्रदर्शित झाला तो 2001 च्या डिसेंबरात, न्यूयॉर्कचे मनोरे पडल्यानंतर चार महिन्यांच्या आत. त्या वेळी तिथल्या प्रेक्षकाला आपले सैनिक कसे लढतात हे पाहायचे होते. आपण तिथे काय केले होते हे ऐकण्याच्या मनःस्थितीत तो नव्हता. चित्रपटाच्या अखेरच्या पाटीवर हजाराहून अधिक सोमाली मेल्याचे लिहिले आहे. त्यांतल्या एकाचीही आपल्याशी ओळख झालेली नसते, म्हणून ती पाटी वाचून मनात काही हलत नाही. मृतांचा आकडाही निश्चित नाही. ऐदीद यांच्या बाजूने तो 315 सांगितला गेला, इतर अंदाज त्याहून बरेच मोठे आहेत. अमेरिकेच्या 18 मृतांचे नाव, गाव, हुद्दा सगळे नोंदलेले आहे.

पुढे जे झाले त्याने मला सर्वांत जास्त अस्वस्थ केले. एका अमेरिकी सैनिकाचा मृतदेह रस्त्यावरून ओढला जात असल्याची छायाचित्रे जगभर गेली, काही दिवसांत क्लिंटन यांनी 31 मार्च 1994 पर्यंत सैन्य परत आणण्याचे जाहीर केले, आणि ते परतताच एप्रिलमध्ये रवांडात कत्तल सुरू झाली. तिथे सुमारे आठ लाख माणसे मारली जात असताना ‘पुन्हा सोमालिया नको’ ही धास्ती वॉशिंग्टनच्या निर्णयांवर बसलेली होती. एका शहरातल्या एका रात्रीची किंमत दुसऱ्या देशातल्या लोकांनी मोजली. चित्रपटाच्या चौकटीत हे मावले नसते, हे मी मान्य करतो. पण ‘अपयश’ म्हणजे 18 मृत आणि दोन हेलिकॉप्टर, एवढ्यावर थांबणे मला मुळीच मान्य नाही.

एका मुद्द्यावर आपला वाद होणार, हे जाणून आधीच लिहून ठेवतो. संरक्षणमंत्री लेस ॲस्पिन यांनी सप्टेंबरात रणगाड्यांची मागणी नाकारली, त्यावर सगळे खापर फोडले गेले आणि पुढे त्यांना पद सोडावे लागले. उलट गॅरिसन यांनी स्वहस्ते पत्र लिहून सगळी जबाबदारी स्वतःवर घेतली. रणगाडे असते तर अडकलेले लोक लवकर सुटले असते आणि काही जीव वाचले असते, हे मला पटते. पण 12 जुलैनंतर त्या शहरात रणगाडे घेऊन गेल्याने हेतू साधला असता, असे मला वाटत नाही. तुझे मत वेगळे असणार.

पुस्तक कुरिअरने पाठवत आहे. आधी 12 जुलैचा भाग काढून वाच आणि मग सुरुवातीपासून लाग. ॲस्पिन आणि गॅरिसन यांच्याबद्दल तुला काय वाटते ते लिही. फोनवर नको, पत्रातच लिही. घरी सर्वांना नमस्कार सांग.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
श्रीधर