फॉर्मवरचा नंबर

चि. ठमीस,

अनेक आशीर्वाद.

हे पत्र सॅकच्या वरच्या कप्प्यात, हेडलँपखाली ठेवतोय. तू टूथब्रशची दांडी कापून ग्रॅम वाचवतेस, म्हणून पातळ कागद घेतलाय आणि पाठपोट लिहितोय. बेस कॅम्पला पोचलीस की वाच. आधी सापडलं तर ठेवून दे, पण तू ठेवणार नाहीस हे मला ठाऊक आहे.

आधी काल रात्रीचं. मोहिमेचा फॉर्म टेबलावर होता, मी मुद्दाम उघडला नाही. तीस वर्षं लिफ्टच्या लॉगबुकातल्या सह्या तपासण्यात गेली, कागद दिसला की डोळा रकान्यांवरून फिरतोच. 'तातडीच्या प्रसंगी कोणाला कळवावे' या रकान्यात तुझ्या गिर्यारोहणाच्या सरांचा नंबर. माझा नाही, आईचाही नाही. त्यावर मी जे बोललो ते बोलायला नको होतं. "मग त्यांनाच बाप म्हण" हे तर अजिबातच नको होतं. तू सॅक भरत राहिलीस आणि मान वर न करता म्हणालीस, "बाबा, तुम्हाला फोन आला तर तुम्ही काय कराल?"

मला उत्तर सुचलं नाही. विनूकाकाच्या वेळी मी काय केलं ते आईने तुला सांगितलेलं दिसतंय.

असो. भांडण उकरून काढायला बसलो नाही. नीट जा, मजा कर, बोटं जप, एवढंच लिहायचं होतं. वेळ आली तर परत फिरशील ना? हे लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो. चौथ्या परिच्छेदातच सुटलं.

दोरावरून मी तुझ्याशी पहिल्यापासून चुकीचा वाद घालत आलो. आमच्या धंद्यात लिफ्ट एका दोरावर कधी टांगत नाहीत. चार असतात, सहा असतात. दोर पोलादी, आणि तो ताणला जाता कामा नये. तारा तुटलेल्या दिसल्या की मोजायच्या, आकडा हद्दीबाहेर गेला की दोर बाद. आणि तू म्हणे बोटाएवढ्या जाडीच्या एका नायलॉनच्या दोराला स्वतःला बांधून घेणार! मग तुझ्या नव्या दोरासोबत आलेली पुस्तिका मी रात्री वाचली. आत गाभा, वरून विणलेलं आवरण. चाचणीत ऐंशी किलोचं वजन त्याच तुकड्यावर पुन्हा पुन्हा पाडतात, निदान पाच वेळा तरी तो तुटता कामा नये. पहिल्या झटक्यात तो चाळीस टक्क्यांपर्यंत ताणला गेलेला चालतो. आमच्या दोराने चार टक्के अंग सोडलं असतं तर मी लिफ्टला कुलूप घालून घरी आलो असतो. पण तुमच्याकडे तो ताणला जातो म्हणूनच माणूस वाचतो, नाहीतर झटक्याने कंबरच मोडायची. हे तू मला दोनदा सांगितलं होतंस. मी ऐकून घेतलं नव्हतं.

तेलाचंही तसंच झालं. तुझ्या कॅरॅबिनरची, म्हणजे त्या दोर अडकवायच्या कड्यांची, फाटकं कुरकुरतात म्हणून मी मशीनचं तेल सोडलं आणि ते खालच्या दोरावर सांडलं. ओरडशील असं वाटलं होतं. तू दोर हातात घेऊन बघत राहिलीस, मग कात्री आणलीस. त्याचं विणलेलं पायपुसणं अजून दाराशी आहे. दोरावर पाय द्यायचा नाही असा तुमचा नियम ना? मी रोज देतो आणि रोज आठवतं.

खरं तर तुला या नादाला लावलं कोणी? मीच. तू सात वर्षांची होतीस. सुट्टीच्या दिवशी तुला कामावर नेलं आणि तपासणीच्या संथ वेगावर लिफ्ट लावून तुला डब्याच्या टपावर, माझ्या पुढ्यात उभं केलं. नियमाबाहेरचं होतं, आज कोणी केलं तर मी त्याला कामावरून काढा म्हणेन. वर अंधारी शाफ्ट, दोर वर वर गेलेले. मला वाटलं रडशील. तू मान मागे टाकून विचारलंस, "हे कुठे संपतं?" आई माझ्याशी आठ दिवस बोलली नाही. तू पहिल्यांदा चढाईच्या भिंतीवर चढलीस त्या दिवशी तिने मला फक्त एक कटाक्ष टाकला. त्या कटाक्षात सगळं आलं.

परवा जुन्या खात्यातले दोघे भेटले. ठमी सहा हजार मीटरच्या वर चाललीय म्हणालो, तर त्यांना काही बोध होईना. मग तीन मीटरचा मजला धरून हिशोब सांगितला, दोन हजार मजले. दोघेही गप्प झाले. एकाने विचारलं, "लिफ्ट नाही?" मी घरी येईपर्यंत हसत होतो. रात्री झोप आली नाही ते वेगळं.

तुमच्या मंडळींबद्दल माझं मत फारसं चांगलं नव्हतं, तुला माहीत आहे. रात्री-अपरात्री सॅक घेऊन उगवायचे, घरभर त्या बुटांचा वास, दिव्यांच्या बटणांवर चॉकची बोटं. आणि बोलणं एकच, कोण कुठे लीड करून आला आणि कोण कुठून लोंबकळला. पण गेल्या महिन्यात तुला न्यायला भिंतीपाशी आलो होतो तेव्हाची गोष्ट तुला सांगितलेली नाही. तुझे सर चढायला निघाले होते. एवढा माणूस, केस पांढरे झालेले. खाली बिले देणारा, म्हणजे त्यांचा दोर धरणारा पोरगा असेल सोळा वर्षांचा. त्याने सरांच्या कमरेची आठाची गाठ पाहिली, त्यांनी त्याचं बिलेचं साधन पाहिलं, आणि पोरगा म्हणाला, "थांबा सर, गाठीची शेपटी आखूड आहे." सर थांबले, गाठ सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा दाखवली. "बरं झालं पाहिलंस" म्हणाले आणि चढले. कोणी हसलं नाही, कोणाला त्यात काही वेगळं वाटलंही नाही. मी तीस वर्षांत साहेबाची चूक हेल्परने तोंडावर सांगितलेली पाहिली नाही. सांगायला हवी होती अशा दोन वेळा मला आठवतात. त्यातली एक माझी. त्या पोरासारखं कोणी तुझ्यासोबत असेल तर मला चालेल.

फोटो मात्र तुम्ही सगळे शिखरावरचेच लावता. जिथून मागे फिरलात तिथला फोटो कोणी काढत नाही का? बघ, पुन्हा तेच आलं.

तू नसतेस तेव्हा मी तुझ्या कपाटातली पुस्तकं वाचतो. १४ जुलै १८६५ला मॅटरहॉर्नवर सात जण पहिल्यांदा पोचले, आणि उतरताना चौघे गेले. दोर तुटला. तीन प्रकारचे दोर जवळ होते, त्यातला सगळ्यात कमजोर नेमका त्या ठिकाणी बांधलेला. त्या पानावर मी कितीतरी वेळ होतो. दोर कोणी निवडला, का निवडला, कोणी विचारलं का नाही. माझ्या धंद्यातला प्रश्न आहे तो. आणि ते उतरत होते, ठमे. शिखर झालं होतं.

के-टूची गोष्ट मला जास्त आवडली. १९५३चं साल. वर वादळात एकाच्या पायात रक्ताच्या गुठळ्या झाल्या, तेव्हा बाकीच्यांनी शिखर सोडून त्याला खाली आणायचं ठरवलं. उतरताना एक घसरला आणि दोरांच्या गुंत्यात एकेक करत पाच जण खेचले गेले. वर सव्वीस वर्षांचा पीट शोनिंग, खडकाआड रुतवलेल्या आइस ॲक्सभोवती दोर घेऊन उभा. त्याने पाचही जणांना धरलं, शिवाय त्या आजाऱ्याला. तुमच्यात नुसतं 'तो बिले' म्हटलं तरी कळतं म्हणे. आजारी माणूस पुढे त्याच संध्याकाळी उतारावरून नाहीसा झाला, पण बाकीचे घरी आले.

आणि एक विली अनसोल्ड. १९६३ला एव्हरेस्ट पश्चिम धारेने चढलेला, पायाची नऊ बोटं त्यात गमावलेला. तरुणपणी नंदादेवी पाहिली आणि पुढे मुलीचं नाव तेच ठेवलं. १९७६ला बाप-लेक मिळून त्याच शिखराच्या मोहिमेवर गेले. वरच्या कॅम्पवर ती आजारी पडली आणि तिथेच गेली. बाप शेजारी होता. त्याला पहाडातलं सगळं येत होतं.

हे तुला का लिहिलं कळत नाही. हे पान काढून टाकायला हवं, पण पाठीमागे के-टू आहे.

विरळ हवेचं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, तरी लिहितो. तीन हजार मीटरच्या वर झोपायची जागा एका दिवसात पाचशे मीटरहून जास्त चढवायची नाही. तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम. दिवसा वर जाऊन या, रात्री खाली झोपा. डोकं दुखत असताना आणखी वर जायचं नाही. पावलाला पाऊल लावून सरळ रेषेत चालता आलं नाही तर मेंदूला सूज असू शकते, तेव्हा सकाळची वाट बघायची नाही, लगेच खाली. परत फिरायची वेळ आधीच ठरवा आणि शिखर हाताच्या अंतरावर असलं तरी त्या वेळेला फिरा. शिखर काही लिफ्ट नव्हे, निघून जायला.

झालं, व्याख्यान दिलं. माफ कर. तू हसत असशील, कारण यातलं निम्मं तूच मला शिकवलंयस.

पण एक गोष्ट मला काल रात्री तीन वाजता कळली. मी तुला सारखा विचारतो, परत फिरशील ना. पण वर हवा अर्ध्यावर येते तिथे परत फिरायचं ठरवणारं डोकंच आधी बिघडतं, आणि ज्याचं बिघडतं त्याला ते कळत नाही. म्हणजे मी चुकीच्या माणसाला विचारत होतो. विचारायला हवं तुझ्या दोरावरच्या त्या चष्मेवालीला.

फॉर्मवरचा नंबर तसाच राहू दे. सर आधी काय करायचं ते करतील, मग मला कळवतील. मला उशिरा कळलं तरी चालेल, म्हणजे चालणार नाही, पण चालवून घेईन. आईला मी सांगतो.

पुढचं तुझ्यासाठी नाही. हा कागद चष्मेवालीकडे दे. खरंच दे, स्वतःकडे ठेवू नकोस.

बाळ, तुझी-माझी धड ओळख नाही. मी दारात तुला कधी आत बस म्हटलं नाही, त्याचा राग धरू नकोस. ठमीबद्दल दोन गोष्टी मला माहीत आहेत, त्या तुला असाव्यात. ती दमली, भूक लागली, थंडी वाजली की चिडते. तोंडाला येईल ते बोलते. तेव्हा घाबरू नकोस, ती ठीक असते. पण लहानपणापासून जेव्हा जेव्हा तिला खरोखर बरं नव्हतं, तेव्हा ती शहाण्यासारखी वागली आहे. गोड बोलते, सगळ्याला हो म्हणते, "मी मस्त आहे" म्हणते. ती तुझ्याशी तसं बोलायला लागली तर घड्याळ बघू नकोस, शिखर किती राहिलं तेही बघू नकोस. तिला खाली आण. शिव्या दिल्या तर मी बघतो.

तुमचा,
बाबा