३१ मेला निवृत्त झालेल्यांची सेवापुस्तकं अजून टेबलावरच आहेत

प्रति,
मा. वित्तमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय,

शाळेत १ जून ही जन्मतारीख लागलेली माणसं ३१ मेला निवृत्त होतात. ही तारीख रुजू झाल्या दिवसापासून सेवापुस्तकाच्या, म्हणजे नोकरीच्या नोंदवहीच्या, पहिल्या पानावर असते. तरीही दिवाळी उलटली आणि पीपीओ, म्हणजे निवृत्तीवेतन देण्याचा अंतिम आदेश, हातात नाही, असे सरकारी कर्मचारी आहेत.

१९८२च्या निवृत्तीवेतन नियमांप्रमाणे तयारी दोन वर्षं आधी सुरू व्हायची आणि प्रकरण सहा महिने आधी मंजुरीसाठी महालेखापालांकडे जायचं. प्रत्यक्षात सेवापुस्तक कपाटातून निघतं शेवटच्या तीन-चार महिन्यांत. मग दिसतं, की वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या अर्जित रजेच्या नोंदीखाली सहीच नाही. सही करायची होती तो अधिकारी केव्हाच निवृत्त झालेला, ते कार्यालय दुसऱ्या जिल्ह्यात. पुस्तक तिकडे जाऊन येतं, तर पगार बरोबर ठरवला का हे तपासणाऱ्या वेतन पडताळणी पथकाचा शिक्का सहाव्या वेतन आयोगाचा आहे, सातव्याचा नाही. पथकाकडे पाठवलं की आक्षेप येतो: वेतननिश्चिती सुधारा, अतिप्रदान, म्हणजे जादा दिलेला पगार, वसूल करा.

चूक आस्थापनेच्या टेबलावर झाली, वसुली मात्र उपदानातून, म्हणजे ग्रॅच्युइटीतून! वर्ग तीन-चारच्या कर्मचाऱ्यांकडून आणि निवृत्तीला वर्षही उरलं नाही त्यांच्याकडून अशी वसुली करू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्येच सांगितलंय. पण जादा रक्कम परत करीन, असं वेतननिश्चितीच्या वेळी लिहून घेतलेलं वचनपत्र पुढे केलं जातं. त्या वचनपत्रावर सही केल्याशिवाय सुधारित पगार मिळत नाही, हे वित्त विभागाला ठाऊक नाही का?

प्रकरण अडलं तर तात्पुरतं निवृत्तीवेतन देण्याची तरतूद आहे. मागितल्याशिवाय ते कोणी काढत नाही, आणि मागायचं असतं हे अनेकांना माहीतच नसतं. अंशराशीकरणाची, म्हणजे निवृत्तीवेतनाचा काही भाग विकून एकरकमी मिळणारी, रक्कम तर अंतिम आदेशाशिवाय मिळतच नाही. तीस हजार निवृत्तीवेतन असेल तर चाळीस टक्के, म्हणजे महिना बारा हजार विकून एकरकमी दहा लाखांहून जास्त हाती यायचे असतात. मुलीचं लग्न, घराचा हप्ता, शस्त्रक्रिया, सगळं त्यावर थांबलेलं असतं. उशीर झाल्यास उपदानावर व्याज देण्याचा नियम आहे, पण त्यासाठीही म्हाताऱ्याने न्यायाधिकरणात जायचं.

निवृत्तीवेतन ही मेहेरबानी नाही, हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ला ठणकावलं. १ नोव्हेंबर २००५पासून लागलेल्यांकडून तर तोही हक्क तुम्ही काढून घेतलात, आणि त्यांच्या पगारातून कापलेले दहा टक्के त्यांच्या निवृत्तीवेतनाच्या खात्यावर कधी जमा झाले, याचा हिशेब त्यांना स्वतः हुडकावा लागतो. कापताना एक दिवसही उशीर होत नाही, महोदय.

सेवापुस्तकाची दरवर्षी पडताळणी करून कर्मचाऱ्याची सही घ्या. दुय्यम प्रत त्याच्या हातात द्या. वेतन आयोग लागला की वर्षभरात पथकाचा शिक्का घ्या. त्यासाठी पथकांतली रिक्त पदं भरा. व्याजाची रक्कम ज्याच्या टेबलावर फाईल पडून राहिली, त्याच्या पगारातून वळती करा.

आणि येत्या १७ डिसेंबरला पेन्शनर दिनाचे हारतुरे देण्याआधी, ३१ मेची किती प्रकरणं कोणत्या कार्यालयात कोणत्या आक्षेपावर अडली आहेत, ती यादी कार्यालयवार जाहीर करा.

आपला,
एक निवृत्तीवेतनधारक