मॉरिशसच्या किनाऱ्यावर आम्हाला ‘नको’ म्हणणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

पत्र तुम्हाला आहे, पण मुद्दाम चारचौघांत लिहिते आहे. मॉरिशसला निघालेल्या कुणा मराठी कुटुंबाला एक दिवस गाडी आणि गाईड घेऊन किनारा बघायचा असेल, तर चांगला गाईड कसा ओळखावा हे त्यांना तुमच्यावरून कळावं अशी माझी इच्छा आहे.

दिवसभराचे पैसे मोजून फक्त आपल्या कुटुंबासाठी गाडी ठरवली की माणूस एकच गोष्ट गृहीत धरतो: आपण म्हणू तिथे आपल्याला नेलं जाईल. तुम्ही तसं केलं नाहीत. किती ठिकाणी तुम्ही आम्हाला शांतपणे ‘नको’ म्हणालात आणि प्रत्येक वेळी त्याचं कारण सांगितलंत. त्या प्रत्येक ‘नको’साठी मला तुमचे आभार मानायचे आहेत.

सुरुवात आदल्या संध्याकाळच्या फोनपासून झाली. मी यादी वाचून दाखवली: तामारिनचे डॉल्फिन, ल मॉर्नचा डोंगर, शामारेलची सात रंगांची माती, गंगा तलाव, शेवटी ग्री ग्रीचे कडे. सगळं ऐकून घेऊन तुम्ही आधी आईबद्दल विचारलंत. गुडघे कितपत वाकतात, पायऱ्या उतरताना त्रास होतो की चढताना, बोट लागते का, दुपारी पडायची सवय आहे का. मग म्हणालात, “गंगा तलाव आणि शामारेल वर डोंगरात आहेत. त्यांना वेगळा दिवस द्या, नाहीतर आईंचा निम्मा दिवस गाडीच्या वळणांतच जाईल. उद्या फक्त समुद्र.” ज्याचा धंदाच ठिकाणं दाखवण्याचा, तो माणूस आपणहून ठिकाणं कमी करतोय, हे ऐकूनच मला हायसं वाटलं होतं.

जुलैचा महिना, म्हणजे तुमच्याकडचा हिवाळा. आग्नेयेकडून येणारा व्यापारी वारा बेटाच्या पूर्व आणि दक्षिण अंगावर थेट आदळतो आणि पश्चिमेला डोंगरांचा आडोसा मिळतो, हे तुम्ही निघतानाच सांगितलंत. त्यामुळे पाण्यात उतरायचं ते सकाळी पश्चिमेला, आणि दक्षिणेला गेल्यावर समुद्र नुसता बघायचा, असा दिवस आखलात. तामारिनच्या मिठागरांपाशी थांबल्यावर याच गोष्टीची दुसरी बाजू कळली. ढग डोंगरापलीकडे रिते होतात, अलीकडे कोरडं ऊन उरतं, म्हणून मीठ पिकवायला हीच बाजू निवडली गेली. काळ्या दगडांनी बांधलेले ते चौकोनी वाफे बघून आई चटकन म्हणाली, “आपल्याकडच्यासारखीच आगरं.” तुम्ही हसलात आणि तिला वाफ्याच्या काठापर्यंत हाताला धरून नेलंत.

डॉल्फिनचा प्रसंग मात्र सविस्तर लिहायला हवा, कारण तिथे माझी लेक रडवेली झाली होती. बोटीतून जायचं आणि डॉल्फिनच्या अगदी जवळ पाण्यात उडी मारायची, हे तिने महिनाभर मनाशी ठरवलं होतं. तुम्ही आम्हाला बोटीच्या धक्क्यावर न नेता तामारिनच्या वाळूवर नेलंत, गळ्यातली दुर्बीण काढून तिच्या हातात दिलीत आणि उपसागराच्या तोंडाकडे बोट दाखवलंत. दूर पाण्यावर काळे पंख वर येत होते, खाली जात होते, आणि भोवती बोटींचं कडं होतं. एक कळप वळला की सगळ्या बोटी वळत होत्या.

तेव्हा तुम्ही तिच्यासमोर वाळूत उकिडवे बसलात. हे स्पिनर डॉल्फिन, म्हणालात. रात्रभर हे बाहेर खोल समुद्रात असतात. तिथे अंधार पडला की मासे आणि माकूळ खालून वर येतात, त्यांची हे डॉल्फिन शिकार करतात. दिवस उजाडला की या उथळ, निवाऱ्याच्या पाण्यात विश्रांतीला येतात. त्यांना श्वासासाठी सारखं वर यावं लागतं, म्हणून ते आपल्यासारखे गाढ झोपत नाहीत. मेंदूचा एक भाग जागा ठेवून, एकमेकांच्या जवळ राहून हळूहळू पोहत राहतात. “तू रात्रपाळी करून घरी आलीस, नुकतीच आडवी झालीस आणि दहा पाहुणे खोलीत शिरून तुझे फोटो काढायला लागले, तर?” तिने दुर्बीण पुन्हा डोळ्यांना लावली. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “आता तीन बोटी गेल्या.” त्यानंतर तिने डॉल्फिनमागे जायचा हट्ट एकदाही केला नाही. आई-वडील म्हणून आम्ही ‘नाही’ म्हटलं असतं तर दिवसभर धुसफूस झाली असती. तुम्ही तिला कारण दिलंत आणि निर्णय तिच्यावर सोडलात.

ल मॉर्नच्या पाण्यात तुम्ही आईला उतरवलंत, ते मी जन्मभर विसरणार नाही. आधी सगळ्यांना रबरी तळव्यांचे बूट घालायला लावलेत. स्टोनफिश दगडासारखाच दिसतो, त्याच्या पाठीचे काटे विषारी असतात आणि पाय पडला तर दिवस हॉस्पिटलात जातो, हे एकदाच पण असं सांगितलंत की मुलांनी बूट काढायचं नावसुद्धा घेतलं नाही. मग दुसरा नियम: पाऊल फक्त वाळूवर, प्रवाळावर कधीच नाही. माझ्या मुलाने पाण्यातून पांढऱ्या प्रवाळाचा तुकडा उचलला, तो तुम्ही त्याच्याच हाताने परत ठेवायला लावलात. मेलेला आहे, मग काय बिघडतं, या त्याच्या प्रश्नावर तुम्ही पायाखालची वाळू मुठीत घेतलीत. इथली पांढरी वाळू म्हणजे झिजलेलं प्रवाळ आणि शिंपलेच. बेट ज्वालामुखीचं, त्याचा दगड काळा. हा पांढरा किनारा समुद्रातल्या जिवांनी घडवलेला आहे. जवळजवळ सगळ्या बेटाला वेढून असलेली प्रवाळाची भिंत बाहेरच्या लाटा अडवते, म्हणून आतलं पाणी असं निवांत राहतं. पाणी जास्त तापलं की प्रवाळातलं सूक्ष्म शेवाळ निघून जातं, ते पांढरं पडतं आणि फार काळ तसंच राहिलं तर मरतं. भिंत खचली तर वाळू टिकत नाही आणि वाळू गेली की किनाराही जातो. मुलाने तो तुकडा आणखी थोडा आत नेऊन ठेवला.

आणि मग आई. गुडघे दुखायला लागल्यापासून ती समुद्रात घोट्याच्या वर गेली नव्हती. लाट आली तर पाय सरकेल ही भीती. तुम्ही तिला भरतीची वेळ सांगितलीत, इथे भरती-ओहोटीत फरक फार थोडा असतो हे सांगितलंत, स्वतः पुढे जाऊन तळ पायाने चाचपलात आणि बसल्यावर कमरेपर्यंत येईल एवढ्या पाण्यात तिला दोन्ही हातांनी धरून बसवलंत. ती किती वेळ तशी बसून होती! वर ल मॉर्नचा 556 मीटरचा काळा कडा आणि खाली माझी आई, लहान मुलीसारखी पाण्यावर हात मारत. मी किनाऱ्यावरून बघत होते आणि मला रडू येत होतं. काका, या एका तासासाठी मी तुमची कायमची ऋणी आहे.

जेवायला सुरूच्या झाडांखाली बसल्यावर मुलांनी ल मॉर्नच्या त्या प्रसिद्ध ‘पाण्याखालच्या धबधब्या’चा विषय काढला. तो भास आहे, तळाची वाळू आणि गाळ उतारावरून खोल पाण्याकडे सरकलेला वरून तसा दिसतो आणि तो आकाशातूनच दिसतो, इतकं सांगून तुम्ही तो विषय संपवलात. तुम्हाला डोंगराबद्दल बोलायचं होतं. मळ्यांतून पळालेले गुलाम या कड्याच्या कपारींत लपून राहायचे. 1 फेब्रुवारी 1835 ला गुलामी संपली, ती बातमी द्यायला शिपाई डोंगराकडे आले तेव्हा आपल्याला पकडायलाच आलेत असं समजून वरच्या लोकांनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी आठवण इथले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. ही लोकांच्या तोंडून आलेली कथा आहे, हेही तुम्ही स्पष्ट केलंत. 2008 साली या डोंगराला जागतिक वारशाचा मान मिळाला तो याच आठवणीमुळे. तिथे उभं राहून फोटो काढण्याआधी थोडा वेळ नुसतं बघा, एवढंच तुम्ही म्हणालात आणि आम्ही बघितलं.

त्याच सावलीत तुम्ही 2020 च्या तेलगळतीचं सांगितलंत. 25 जुलैला ‘वाकाशिओ’ जहाज आग्नेय किनाऱ्यावरच्या प्रवाळावर चढलं आणि ऑगस्टमध्ये हजार टनांच्या आसपास इंधन समुद्रात गेलं. ते अडवायला लोकांनी कापडाच्या पिशव्यांत उसाचं पाचट भरून तरंगते बांध केले. तुम्हीही बेटाच्या या टोकाहून गाडीत पाचट भरून तिकडे गेला होतात. टुरिस्ट नव्हते, हाताला काम नव्हतं आणि तरी रोज जात होतात. तुम्ही ते सहज बोलता बोलता सांगून गेलात. पण सकाळपासूनचे तुमचे सगळे ‘नको’ कुठून येतात, ते मला त्या क्षणी उमगलं.

पुढे बे द्यू कापला इंग्रज दर्यावर्दी मॅथ्यू फ्लिंडर्सच्या स्मारकापाशी थोडाच वेळ थांबलो. ऑस्ट्रेलियाला वळसा घालून परत निघालेला हा माणूस गळक्या जहाजामुळे डिसेंबर 1803 मध्ये इथे उतरला. फ्रान्सशी पुन्हा युद्ध पेटल्याचं त्याला ठाऊक नव्हतं आणि तो 1810 पर्यंत बेटावर अडकून पडला. मुलाला ही गोष्ट फार आवडली.

तिथून सुयाककडे जाताना उसाच्या शेतांमध्ये काळ्या धोंड्यांचे मोठमोठे ढीग दिसायला लागले. तुम्ही गाडी बाजूला घेतलीत. ही जमीन ज्वालामुखीच्या दगडांनी भरलेली होती. ऊस लावायचा तर आधी दगड वेचायला हवेत, आणि ते हातांनी वेचले गेले. आधी गुलामांच्या हातांनी, 1834 पासून करारावर आणलेल्या हिंदुस्थानी मजुरांच्या. त्यांतले काही मुंबई बंदरातून आले होते आणि त्यांत तुमचे पणजोबांचे वडील होते. कोकणातल्या कुठल्या गावचे ते घरात कुणालाच माहीत नव्हतं, पण मोका गावातल्या महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या नोंदवह्यांत तुम्ही त्यांचा क्रमांक शोधून काढलात. आईने ढिगातल्या एका दगडावर हात ठेवला आणि तुम्हाला विचारलं, “मग आमच्या घरी कधी येताय?” तुम्ही उत्तर दिलं नाहीत, नुसती मान हलवलीत.

ग्री ग्रीला पोचलो तेव्हा वारा असा होता की उभं राहणं कठीण. दिवसभर पाहिलेल्या निळ्या, शांत पाण्यानंतर तो समुद्र अंगावर आल्यासारखा वाटला. इथे प्रवाळाची भिंत नाही, त्यामुळे लाटा थेट काळ्या कड्यांवर फुटतात. खाली वाळू होती, मुलांना उतरायचं होतं, आणि तुम्ही पुन्हा ‘नको’ म्हणालात. पाण्याजवळ तर नाहीच. पुढे ‘रडणारा खडक’ बघायला आम्हाला पाठवलंत आणि स्वतः मात्र आईजवळ हिरवळीवर थांबलात. गाईडने मागे थांबून म्हाताऱ्या माणसाला सोबत करायची, हे कुठल्याही पॅकेजात लिहिलेलं नसतं.

आम्ही परत आलो तर तुम्ही दोघं गात होता! गणपतीत तुमच्याकडे झाकरी नाचतात, तिची चाल तुम्ही गुणगुणत होतात आणि रत्नागिरीकडची माझी आई जाखडीचा ठेका धरून टाळ्या देत होती. तुम्हाला आजीकडून आलेल्या एका गाण्याचं शेवटचं कडवं आठवत नव्हतं. आईलाही तेव्हा आठवलं नाही.

ते तिला आता आठवलं आहे. निदान त्याच चालीचं, तिच्या माहेरी म्हणतात ते कडवं. तिने ते माझ्याकडून लिहून घेतलं आणि फोनवर म्हणूनही दाखवलं आहे. दोन्ही तुम्हाला वेगळं पाठवते आहे. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. डॉक्टरांनी नंतर पाण्यातले व्यायाम सांगितल्यावर तिने लगेच होकार दिला.

आणखी एक. माझा भाऊ सहकुटुंब नोव्हेंबरात तिकडे येतो आहे, त्याची धाकटी अजून दोन वर्षांची नाही. त्याला तुमच्याबरोबर एक दिवस किनाऱ्यावर घालवायचा आहे. कुठल्या बाजूला जायचं, मूल लहान आहे तर किती वाजता निघायचं आणि काय गाळायचं, ते सगळं तुम्हीच ठरवा. आठवड्यातला कुठला दिवस सोयीचा, तेवढं कळवलंत तर तो बाकीचं त्यानुसार जमवेल.

काकूंना आणि घरच्या सगळ्यांना नमस्कार.

आपली कृतज्ञ,
तुमच्याबरोबर ल मॉर्नच्या पाण्यात बसलेल्या आईची लेक